एमआरआयमधले पांढरे डाग वयामुळेच म्हणायचे का?

प्रश्न: वडील ७४ वर्षांचे, बीपी खूप वर्षांपासून. वर्षभरात एकदम स्लो झालेत, पाय घासत चालतात, दोनदा तोल गेला म्हणून एमआरआय केला. रिपोर्टमध्ये 'क्रॉनिक स्मॉल व्हेसल इस्केमिक चेंजेस, फाझेकास ग्रेड २' असं आलंय. सगळे म्हणतात वयामुळे असतंच. आई तर म्हणते हे मुद्दाम करतात, कशातच लक्ष घालत नाहीत. हा अल्झायमर आहे का?

उत्तर: वयामुळे थोडेफार डाग बऱ्याच जणांना दिसतात हे खरंय, पण फाझेकास ही हे डाग किती आहेत ते सांगणारी ० ते ३ अशी पट्टी आहे, आणि त्यात ग्रेड २ म्हणजे सुटे सुटे ठिपके आता एकमेकांना मिळायला लागलेत, आणि त्यात चालणं बिघडलंय, तोल जातोय, तर हे वयावर ढकलून सोडू नका.

रिपोर्टमधलं 'स्मॉल व्हेसल इस्केमिक चेंजेस' म्हणजे बारीक नळ्यांतून रक्त कमी पोचल्याने झालेले बदल. होतं काय, तर मेंदूच्या आतल्या भागाला रक्त पोचवणाऱ्या नळ्या अगदी बारीक असतात आणि एक बंद पडली तर तिथे रक्त यायला दुसरी वाट जवळपास नसतेच. वर्षानुवर्षं बीपी जास्त राहिलं की या नळ्यांची भिंत जाड आणि कडक होते, रक्त कमी पोचतं, आणि मेंदूचे भाग एकमेकांना जोडणाऱ्या ज्या 'वायर' असतात त्यांच्यावरचं आवरण झिजतं. तेच एमआरआयवर पांढरं दिसतं. जोडणीच खराब झाली की माणूस स्लो होतो, छोटी छोटी पावलं टाकतो, लघवीची घाई होते, आणि स्वतःहून काही सुरू करणंच कमी होतं. आईंना हे नक्की सांगा, बाबा मुद्दाम करत नाहीयेत, हा आळस नाही, आजाराचाच भाग आहे.

अल्झायमरमध्ये बहुतेक वेळा आधी ताजी आठवण जाते. इथे आठवायला वेळ लागतो, पण थोडी हिंट दिली की आठवतं. अर्थात दोन्ही एकत्र असू शकतं, म्हणून न्यूरोलॉजिस्टकडून मेमरी टेस्ट करून घ्या, सोबत बी१२ आणि थायरॉइडही बघा.

झालेलं नुकसान सहसा भरून येत नाही, वाढ मात्र हळू करता येते. २०१९ च्या स्प्रिंट माइंड अभ्यासात वरचं बीपी १२० च्या खाली ठेवायचं टार्गेट असलेल्या गटात हे डाग १४० वाल्या गटापेक्षा कमी वाढले. पण म्हणून घरच्या घरी गोळी वाढवू नका हं, ज्यांचा तोल आधीच जातोय त्यांचं बीपी उभं राहिल्यावर पडतंय का हे आधी बघावं लागतं, म्हणून बसून आणि मग उभं राहून मोजा, आठवडाभर लिहून ठेवा आणि ती वही डॉक्टरांना दाखवा. शुगर, कोलेस्टेरॉल बघा, सिगरेट असेल तर बंद, रोज कुणाला तरी सोबत घेऊन चालणं. अ‍ॅस्पिरिन मनाने सुरू करू नका, नुसत्या डागांसाठी त्याचा फायदा दिसलेला नाही आणि रक्तस्रावाचा धोका असतो.

आणि तोंड वाकडं झालं, एका हाताचं बळ गेलं, बोलणं अडखळलं, तर थोड्या वेळात बरं वाटलं तरी घरी थांबू नका, तडक हॉस्पिटल गाठा.