ऑपरेशनच्या बिलापेक्षा त्यानंतरचे सहा महिने मोजा

तुमचं पत्र थोडक्यात असं: वायरिंगच्या कामावर शिडीवरून पाय निसटला, गुडघा पिरगळला, एमआरआयमध्ये एसीएल, म्हणजे गुडघ्याला आतून धरून ठेवणारा लिगामेंट, पूर्ण तुटलेला निघाला. गादी, म्हणजे सांध्यात दोन हाडांमध्ये असणारी मेनिस्कस, शाबूत आहे. सर्जन म्हणाले, लगेच ऑपरेशन करू किंवा आधी फिजिओथेरपी करून बघू. बचत सहा महिन्यांच्या घरखर्चाएवढी, ऑपरेशनचा खर्च चार महिन्यांच्या घरखर्चाएवढा, विमा नाही. साडू बिनव्याजी पैसे द्यायला तयार आहेत, पण तुम्हाला संकोच वाटतो. म्हणून निवृत्तीचे पैसे मोडावेत का, असं विचारता.

ते मोडू नका. तुमचं वय ३३. आज काढलेली रक्कम पुढची पंचवीस वर्षं वाढायची थांबेल.

पण बचतीतून लगेच बिल भरा, असंही मी म्हणणार नाही. बिल भरल्यावर हातात दोन महिन्यांचा खर्च उरतो. शिडीवर चढण्याइतका गुडघा तयार व्हायला मात्र सहा महिने धरून चाला, कधी जास्तही. नवा लिगामेंट बहुतेक वेळा आपल्याच शरीरातल्या टेंडनचा, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणाऱ्या दोरीचा, करतात. तो हाडात रुजायला वेळ घेतो, आणि मधल्या काळात बसवला तेव्हापेक्षा नाजूकही होतो. माझ्याकडे येणाऱ्या एका गृहस्थांचं ऑपरेशन उत्तम झालं होतं. पैसे संपले म्हणून सहाव्या आठवड्यात त्यांनी फिजिओ बंद केली. गुडघा पूर्ण सरळ होत नाही. जिना उतरताना आजही कठडा धरून आधी तोच पाय खाली टाकतात, मग दुसरा त्याच पायरीवर. मला त्याचं फार वाईट वाटतं, कारण महागडा भाग त्यांनी पार पाडला होता.

स्वीडनमध्ये १८ ते ३५ वयाच्या १२१ जणांवर झालेला एक अभ्यास २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. काहींचं लवकर ऑपरेशन केलं, बाकीच्यांना आधी फिजिओ दिली आणि गरज पडली तरच ऑपरेशन. पाच वर्षांनी पाहिलं तर दुसऱ्या गटातल्या जवळपास निम्म्यांना ऑपरेशन करावंच लागलं नव्हतं, आणि दोन्ही गटांच्या गुडघ्यांत फारसा फरक नव्हता. अर्थात ती माणसं तुमच्यासारखी रोज शिडीवर चढणारी होतीच असं नाही, हे विसरू नका.

म्हणून मी तुमच्या जागी असतो तर सर्जनच्या संमतीने तीन महिने मन लावून फिजिओ केली असती. तोवर शिडी पूर्ण बंद. बोर्ड बसवणं, दुरुस्ती अशी जमिनीवरची कामं घ्या, उंचावरच्या कामाला मदतनीस ठेवा. कमाई घटेल, थांबणार नाही. मात्र चालताना गुडघा दगा देऊ लागला किंवा अडकला, तर पैशांसाठी दिवस ढकलू नका. प्रत्येक वेळी गुडघा निसटला की गादी आणि कूर्चा झिजण्याचा धोका असतो, आणि ते नुकसान भरून काढणं जास्त अवघड.

तशी वेळ आली तर निम्मं बिल साडूंच्या पैशांतून भरा. परतफेडीचे हप्ते दोघांनी कागदावर लिहून घ्या. पहिला हप्ता कामावर परतल्यानंतरच्या महिन्यात. मग बचतीत चार महिन्यांचा खर्च शिल्लक राहतो. त्यातली फिजिओची रक्कम आजच वेगळ्या खात्यात टाका.

पुढच्या भेटीत सर्जनना एवढं नक्की विचारा: दिलेल्या आकड्यात ब्रेस (गुडघ्याला आधार देणारा पट्टा), नंतरच्या तपासण्या आणि फिजिओ धरली आहे का? बहुतेक वेळा धरलेली नसते.