वणवा-व्यवस्थापनाच्या कामासाठी कॅनडात येऊ पाहणाऱ्या वनाधिकाऱ्यास

सप्रेम नमस्कार.

आपले पत्र मिळाले. आपण मूळचे हिंगोली जिल्ह्यातले, महाराष्ट्र वनसेवेची परीक्षा देऊन वनपरिक्षेत्र अधिकारी झालात, आणि आता ब्रिटिश कोलंबियात वणवा-व्यवस्थापनाच्या कामात शिरून पुढे एखाद्या विभागाचा सगळा कार्यक्रम सांभाळावा, असे आपल्या मनात आहे. पत्नी आणि नऊ वर्षांच्या मुलीला घेऊन हे पाऊल उचलावे की नाही, असे आपण विचारले आहे. मी माहूर तालुक्यातला. तिकडे वन विभागातच होतो आणि आता ब्रिटिश कोलंबिया प्रांतातल्या कॅमलूप्सजवळ हेच काम करतो. व्हिसाचे गुण, शुल्क, बँकेत दाखवायची रक्कम हे सारे सरकारी संकेतस्थळावर आहे आणि माझ्या माहितीपेक्षा ताजे आहे, म्हणून त्यात शिरत नाही. जे तिथे सापडत नाही तेवढेच लिहितो. ते लांबेल, कारण आपल्या प्रश्नाने माझ्या घरातला एक न मिटलेला विषय पुन्हा वर आला आहे.

आधी कामाविषयी. आपल्याकडे १५ फेब्रुवारी ते १५ जून हा हंगाम. त्याआधी जाळरेषा काढायच्या, म्हणजे आग पुढे सरकू नये म्हणून पाला-गवत काढून मोकळे पट्टे करायचे, फायर वॉचर नेमायचे, उपग्रहावरून मोबाईलवर संदेश आला की वनरक्षक आणि मजूर पाला उडवणारे ब्लोअर घेऊन जंगलाच्या त्या कक्षात धावतात, आणि ब्लोअर नसेल तिथे ओल्या फांद्यांनी आग झोडपून काढतात. आग दिसली की विझवायची, हा आदेश स्पष्ट असतो. इथे तसा सरसकट आदेश नाही. या प्रांताची सुमारे ९४ टक्के जमीन प्रांतिक सरकारच्या मालकीची आहे आणि साधारण ६० टक्के आगी विजेमुळे लागतात. पाऊस नसलेल्या एका वादळी संध्याकाळी डोंगरमाथ्यांवर एकाच वेळी कित्येक ठिकाणी धूर दिसू लागतो. कोणत्या आगीला पूर्ण ताकदीने भिडायचे, कोणती नदीपर्यंत किंवा उघड्या कड्यापर्यंत येऊ द्यायची आणि कोणतीवर नुसती नजर ठेवायची, हे ठरवणे, त्याची कारणे लिहून ठेवणे आणि दोन दिवसांनी वारा फिरला तर त्याची जबाबदारी घेणे, हे कार्यक्रम सांभाळणाऱ्याचे मुख्य काम आहे. त्यासाठी रोज दुपारी तापमान, हवेतील आर्द्रता, वारा आणि मागच्या चोवीस तासांतला पाऊस मोजून निर्देशांक काढतात. वरचा पाला किती वाळला आहे, त्याखालचा थर किती, आणि ज्याला सुकायला दीड-दोन महिने लागतात तो खोलवरचा थर किती, हे त्यातून कळते. मला स्वतःला या शेवटच्या आकड्याने सर्वाधिक शिकवले. एक सर आली की पाला भिजतो, धूर दिसेनासा होतो आणि सगळे सुटकेचा श्वास सोडतात. पण खालचा थर कोरडाच असेल तर आग मुळांच्या कडेने धुमसत राहते आणि वारा सुटला की पुन्हा वर येते. २०१७ साली या प्रांतात सुमारे १२ लाख हेक्टर जळाले, २०१८ मध्ये साडेतेरा लाख, आणि २०२३ मध्ये २८ लाखांहून अधिक. मराठवाड्याच्या आठही जिल्ह्यांचे क्षेत्रफळ मिळून चौसष्ट लाख हेक्टरांच्या आसपास भरते, हे मनात धरून हा शेवटचा आकडा वाचावा. उरलेले काम हिवाळ्यात होते: अंदाजपत्रक, भरती, प्रशिक्षण, आणि वसंतात मुद्दाम लावायच्या नियंत्रित आगींचे आराखडे.

या पदावर इथे परीक्षा देऊन थेट बसता येत नाही. आज जे कार्यक्रम सांभाळतात त्यांतले बहुतेक जण कधीतरी हंगामी तुकडीत पाइप ओढत होते. सुमारे २८ किलोंचा पंप पाठीवर आणि मग हातात घेऊन ठरलेल्या वेळेत अंतर कापण्याची शारीरिक चाचणी असते, प्राथमिक प्रशिक्षण असते, आणि मग तुकडीत आपला म्होरक्या बहुधा आपल्यापेक्षा दहा-बारा वर्षांनी लहान असतो. तो सांगेल तिथे खणायचे. ज्या अधिकाऱ्याला पाहून वनमजूर उभे राहतात, त्याला हे जड जाते, मला गेले. मात्र हा मुलगा वयाने लहान असला तरी पहारा, संपर्क, माघारीची वाट आणि सुरक्षित जागा या चार गोष्टी ठरल्याशिवाय कोणालाही आगीजवळ जाऊ देत नाही, आणि ही शिस्त मी तिकडे कधी पाहिली नव्हती. आपत्तीत कोणी कोणते काम करायचे आणि कोणाचा आदेश मानायचा याची जी रचना (इन्सिडेंट कमांड सिस्टिम) इथे वापरतात, तिचेच भारतीय रूप राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने २०१० मध्ये मार्गदर्शक सूचनांतून आणले आहे. त्याचे प्रशिक्षण तिकडे सरकारी खर्चाने मिळत असेल तर ते घेऊनच या.

एक गोष्ट आपल्याकडे आहे, ती इथे कोणी आपणहून विचारणार नाही. किनवट-माहूरच्या जंगलात मोहाची फुले वेचण्यासाठी झाडाखालचा पाला कोण पेटवतो, तेंदूची नवी पालवी चांगली यावी म्हणून कोण आग लावतो, आणि त्या माणसाशी गुन्हा दाखल न करता कसे बोलायचे, हे आपल्याला ठाऊक आहे. १९२७ च्या भारतीय वन अधिनियमातील कलम २६ ने राखीव वनात आग लावणे गुन्हा ठरवले. या प्रांतातही १८७४ मध्ये असाच कायदा झाला आणि इथल्या मूळ रहिवाशांच्या, पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेल्या हलक्या आगींवर बंधने आली. त्यानंतर दीडशे वर्षे जंगलात पाला, काटक्या आणि दाटी साठत गेली. आता सरकार त्याच लोकांच्या वृद्धांना सोबत घेऊन गवताळ उतार पुन्हा जाळू लागले आहे. अशा एका बैठकीत मी आपल्याकडच्या कोलाम आदिवासींच्या पाड्यांवरच्या आगीविषयी बोललो, तेव्हा समोरच्या आजींनी माझ्याकडे पहिल्यांदा रोखून पाहिले, आणि ती ऋतूची कोणती वेळ, दव किती असते, उताराला आग वरून लावतात की खालून, असे प्रश्न एकामागून एक विचारले. या खात्यात मी कोण आहे हे मला त्या दिवशी कळले असे म्हणेन.

कागदपत्रांचा विषय मी टाळणार होतो, पण टाळवत नाही. दहावीच्या गुणपत्रिकेवर आधी आडनाव, मग माझे नाव, मग वडिलांचे. पासपोर्टवर तेच शब्द वेगळ्या क्रमाने. पदवीवर वडिलांच्या नावाचे स्पेलिंग निराळे. तपासणाऱ्याच्या लेखी ती तीन वेगळी माणसे होती. स्टॅम्प पेपरवर प्रतिज्ञापत्र करून ते भागले. अनुभव प्रमाणपत्राचे मात्र भागेना. इकडे पत्रात पद, प्रत्यक्ष केलेली कामे, आठवड्याचे तास आणि वेतन हे सारे स्वच्छ लिहिलेले लागते. माझ्या तेव्हाच्या कार्यालयाने दोन ओळी दिल्या: सदर कर्मचारी अमुक कालावधीत कार्यरत होते व त्यांची वर्तणूक समाधानकारक होती. मी कामांचा तपशील टंकलिखित करून नेला, तेव्हा विहित नमुन्यात तशी तरतूद नाही, असे उत्तर मिळाले. उन्हाळ्याच्या रात्री डोंगरावर काढलेल्या, कपड्यांना धुराचा वास घेऊन पहाटे घरी परतलेल्या, त्या साऱ्या वर्षांची नोंद ‘वर्तणूक समाधानकारक’ या दोन शब्दांत उरली, याचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही. आपण सेवेत आहात, सही करणारे वरिष्ठ आपल्याला ओळखतात, तोवरच हे पत्र हाती घ्या. बदली झाली किंवा राजीनामा दिला की कोणी दार उघडत नाही.

आता मुलीचा आणि उन्हाळ्याचा विषय. इथे कायद्याने वणव्याचा हंगाम १ एप्रिल ते ३१ ऑक्टोबर असतो आणि त्याचा भर जुलै-ऑगस्टमध्ये येतो. शाळांना मोठी सुट्टी नेमकी त्याच दोन महिन्यांत असते. आपण म्हणाल की, तिकडेही मे महिन्यात आम्हाला रजा मिळत नाही. खरे आहे. पण तिकडे मुलीला आजोळ असते, अंगणात बाज असते, आंबे पिकायला घातलेली खोली असते आणि दुपारी पत्ते कुटायला चार मावसभावंडे असतात; बाप डोंगरावर आहे हे तिला संध्याकाळी आठवते. इथे बाप नसला की घरात आई आणि मुलगी अशा दोघीच उरतात आणि दिवस रात्री साडेनऊपर्यंत मावळत नाही. माझी मुलगी अशा सुट्ट्यांमध्ये मोठी झाली.

२९ जून २०२१ रोजी आमच्यापासून फार दूर नसलेल्या लिटन गावात ४९.६ अंश तापमान नोंदले गेले आणि दुसऱ्या दिवशी ते गाव बहुतांश जळाले. त्या उन्हाळ्यात एका रात्री मी दुसऱ्या खोऱ्यातल्या घरांना बाहेर काढण्याची शिफारस लिहीत असताना आमच्या स्वतःच्या वस्तीला तयार राहण्याचा इशारा मिळाला. पत्नीने दाराशी एक पिशवी भरून ठेवली. पासपोर्ट, दहावीच्या गुणपत्रिकेची ती निळी फाईल, मुलीचा श्वासाचा पंप, आणि देव्हाऱ्यातला रेणुकेचा टाक, रुमालात गुंडाळलेला. तिने मला फोन केला नाही, कारण मी काय करत असेन हे तिला ठाऊक होते. घर वाचले. त्या रात्रीविषयी आम्ही दोघे आजवर नीट बोललेलो नाही, आणि आपण पत्नीला घेऊन यायचे म्हणता तेव्हा मला प्रथम ती पिशवी दिसते.

शाळेचे दुःख याहून वेगळे आहे. मुलगी नांदेडला चौथीपर्यंत सेमी-इंग्रजीत शिकली होती आणि अपूर्णांक तिला पक्के येत होते. इथे वयानुसार वर्ग मिळतो, त्याबद्दल तक्रार नाही. पण इंग्रजी दुसरी भाषा असलेल्या मुलांच्या साहाय्यवर्गात तिला घातले आणि त्यासाठी रोज गणिताच्या तासातून उठवून नेले जाई. तिथे चित्रे रंगवून त्याखाली शब्द लिहायचे. शब्द तिला येत होते. बुजलेली मुलगी ते मोठ्याने म्हणत नव्हती, इतकेच. पालकसभेत प्रत्येक वेळी ‘छान प्रगती आहे’ असे हसून सांगत, आणि आमच्या पिढीला शिक्षकाशी वाद घालण्याची सवय नव्हती. पुढे दहावीला गणिताचे दोन मार्ग फुटतात, एक व्यवहारोपयोगी आणि दुसरा विज्ञान-अभियांत्रिकीकडे नेणारा. जुन्या नोंदी पाहून शाळेने तिच्यासाठी पहिला सुचवला. तेव्हा पत्नी एकटी शाळेत गेली, जुन्या वह्या टेबलावर मांडल्या आणि निर्णय बदलेपर्यंत खुर्चीवरून उठली नाही. मुलगी आज विद्यापीठात विज्ञान शिकते आहे. मराठी तिला समजते, उत्तर इंग्रजीत देते. मध्यंतरी ती सहज म्हणाली, “बाबा, तुम्ही हिवाळ्यातले बाबा होतात.” तिच्या स्वरात तक्रार नव्हती, म्हणूनच मला काही बोलता आले नाही. आपल्या मुलीला साहाय्यवर्गात घातले तर दर वर्षी लेखी मूल्यमापन मागा आणि गणिताच्या तासाला हात लावू देऊ नका. हे सौजन्याने पण ठामपणे सांगता येते, आणि ऐकलेही जाते.

एकटेपणाबद्दल आपण विचारले आहे. तो असतो, पहिले दोन हिवाळे अधिक असतो, मग माणूस कामाला लागतो. त्यावर याहून जास्त लिहिण्यासारखे माझ्याकडे नाही.

फक्त एक सवय सांगतो. मार्च उजाडला की इथे अजून बर्फ असतो आणि मी रात्री भारतीय वन सर्वेक्षणाच्या संकेतस्थळावर नांदेड जिल्ह्याचा नकाशा उघडतो. ज्या उपग्रहाची नोंद मी जुलैत माझ्या खोऱ्यासाठी वाचतो, त्याच उपग्रहाने टिपलेले लाल ठिपके माहूरच्या डोंगरांवर दिसतात. कोणता ठिपका मोहाखालचा आणि कोणता रस्त्याकडेच्या विडीचा, हे मला जागेवरून बहुतेक ओळखता येते. इथे एका आगीवर जेवढी हेलिकॉप्टरे फिरतात तेवढे ब्लोअरही तिथल्या वनरक्षकाच्या हाती नसतात, आणि इथे मी जे शिकलो त्याची खरी गरज त्या कक्षांना आहे, हे मला तेव्हा स्वच्छ दिसते. तरीही मी परत गेलो नाही, आणि पुढे जाईन की नाही हे आज सांगू शकत नाही. म्हणून ‘या’ किंवा ‘येऊ नका’ असे उत्तर माझ्याकडून मागू नये, ही विनंती.

यायचे ठरवण्यापूर्वी हे पत्र पत्नीला वाचायला द्या, कारण उन्हाळा एकट्याने काढायचा आहे तो त्यांना. ठरलेच तर ऑगस्टअखेर या. सप्टेंबरात शाळा सुरू होते, हंगामी भरतीचे अर्ज पुढे हिवाळ्यात भरता येतात, आणि मुलीला नव्या देशातले पहिले महिने तरी वडील घरी मिळतील. अनुभव प्रमाणपत्राचा मसुदा तयार करून मला पाठवा. कोणती कामे कोणत्या शब्दांत लिहावीत म्हणजे इथल्या अधिकाऱ्याला ती कळतील, हे मी ओळीओळीने पाहून देईन.