'विकासदर' की 'वाढदर'?

प्रश्न असा आहे: जीडीपीच्या, म्हणजे देशाच्या एकूण उत्पादनाच्या, बातम्यांत 'विकासदर' लिहितात, तिथे 'वाढदर' लिहिलं तर चुकेल का? आणि अर्थव्यवस्था सतत वाढलीच पाहिजे हे न मानणाऱ्या 'डीग्रोथ'ला मराठीत काय म्हणावं?

चुकणार तर नाहीच, उलट तेच बरोबर. 'वाढ' आली 'वृद्धी'वरून. ती मोजता येते: उंचीची, पगाराची, घरभाड्याची. तिच्यात बरंवाईट काही नसतं. अंगातली गाठही वाढतेच. 'विकास' म्हणजे मुळात उमलणं, त्यामुळे भलं होणं त्यात धरलेलंच असतं. जीडीपीच्या आकड्याला 'विकासदर' म्हटलं की त्याला फुकटची शाबासकी मिळते. 2020 च्या एप्रिल-जून तिमाहीत जीडीपी 23.9 टक्क्यांनी आकसल्याचा अंदाज जाहीर झाला, तेव्हा 'उणे विकासदर' असं छापून आलं. उणे उमलणं कसं असतं बुवा? 'घट' हा सरळ शब्द हाताशी होता की.

गावातली विहीर आटली आणि लोक टँकर विकत घेऊ लागले, तर तो खर्च जीडीपीत धरला जातो. विहिरीचं पाणी घरचीच बाई शेंदून आणत होती, तेव्हा तिच्या कष्टांची तिथे नोंद नव्हती. राष्ट्रीय उत्पन्न मोजण्याची पद्धत बसवणारे सायमन कुझ्नेट्स यांनीच 1934 साली बजावलं होतं की या आकड्यावरून देशाचं कल्याण ताडता येत नाही. केरळच घ्या. 1991 च्या जनगणनेत तिथली साक्षरता सुमारे 90 टक्के होती, देशाची 52. दरडोई उत्पन्न मात्र तेव्हा देशाच्या सरासरीहून कमी. वाढ बेताची, विकास भरपूर, असं वाक्य लिहायचं तर हे दोन शब्द वेगळे ठेवावेच लागतात.

आता 'डीग्रोथ'. 'मंदी' नको, ती न मागता येते आणि नोकऱ्या घेऊन जाते. 'ऱ्हास' तर नकोच. मला 'आवरतं घेणं' पसंत आहे, कारण त्यात आपणहून ठरवणं आहे. नगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजार या गावात पावसाचा हिशेब मांडून मग कोणती पिकं घ्यायची ते ठरवतात, शेतीसाठी बोअरवेल घ्यायला बंदी आहे आणि उसासारखं तहानलेलं पीक टाळतात. तिथलं उत्पन्न पुढे वाढलं हे खरं, पण पाण्याचं आवरतं आधी घेतलं.

 

मथळ्यासाठी नामच हवं असेल तर 'वाढविराम' चालेल. 'विकासविरोध' मात्र लिहू नका. ते भाषांतर नाही, आरोप आहे.