सबमर्सिबल पंप सारखा ट्रिप होतोय, रिले वाढवून घ्यावा का?

आधी रिलेचं बोलू, कारण घाई तिथेच होते. बोअरमधला थ्री फेज पंप दहा-पंधरा मिनिटं चालून बंद पडतो, वायरमन ओव्हरलोड रिलेचं (मोटर जास्त करंट ओढू लागली की ती बंद करणाऱ्या उपकरणाचं) सेटिंग वाढवून द्यायला तयार आहे, आणि पंप सुरक्षित चालवायला काय पाहावं, असं तुम्ही विचारलंय. वाढवून घेऊ नका. ट्रिपिंग थांबेल, पण ते मोटर जळेपर्यंतच. रिलेचं सेटिंग मोटरच्या नेमप्लेटवरच्या फुल लोड करंटइतकं (पूर्ण भारावर मोटर घेते त्या करंटइतकं) असावं, त्याच्या वर अजिबात नको.

मी मोटर रिवाइंडिंगचं काम करतो. जळालेली मोटर उघडली की काय झालं असेल ते बरंचसं वाइंडिंगच सांगतं. स्टार जोडणीच्या मोटरीत (तिन्ही कॉइलचं एकेक टोक एकत्र जोडलेलं असतं तिच्यात) दोन फेजची कॉइल काळीठिक्कर आणि तिसरी कोरी दिसली, तर एक फेज गेलेली असताना मोटर चालत राहिली. अशा वेळी उरलेल्या दोन फेजमध्ये करंट साधारण पावणेदोनपट होतो. तिन्ही फेज सारख्याच करपल्या असतील तर ओव्हरलोड किंवा सतत कमी व्होल्टेज. आणि वाइंडिंग शाबूत, पण बुश (शाफ्टला आधार देणाऱ्या नळ्या) झिजलेले, पंपातले प्लास्टिकचे इम्पेलर (पाणी ढकलणारी फिरती चाकं) वितळून वेडेवाकडे झालेले असतील, तर पंप कोरडा चालला.

हा शेवटचा प्रकार तुमच्याकडे आहे का ते बघा. दहा-पंधरा मिनिटांनीच बंद पडणं म्हणजे बऱ्याचदा बोअरला तेवढं पाणी नसतं. पातळी पंपापर्यंत उतरते, पाइपातून पाण्याबरोबर हवा फुरफुरत येते, अँमीटरचा काटा थरथरतो आणि खाली येतो. इथे लोकांची एक ठाम समजूत आडवी येते: ‘रिले आहे ना, तो सांभाळेल.’ कोरड्या पंपाला करंट कमी लागतो, त्यामुळे ओव्हरलोड रिलेला काही कळतच नाही. त्यासाठी वेगळा ड्राय रन प्रिव्हेंटर, म्हणजे कोरडा चालणारा पंप बंद करणारं उपकरण, लागतं. तुमच्या पॅनलमध्ये तो असेल तर कदाचित तोच पंप बंद करत असेल. पॅनलवर कुठला दिवा लागतो ते वायरमनला दाखवा. पाणी कमी पडत असेल तर डिलिव्हरीचा व्हॉल्व्ह थोडा आवळून बोअर देईल तेवढंच पाणी उचला. पूर्ण बंद मात्र करू नका, आतलं पाणी तापतं आणि मोटरही.

काटा वर जात असेल तर गोष्ट वेगळी. पंप चालू असताना व्होल्टेज बघा, बंद असतानाचं आकडेमोडीला उपयोगाचं नाही. व्होल्टेज पडलं की तेवढंच काम करायला मोटर जास्त करंट ओढते. व्होल्टेज बरोबर, तिन्ही फेज सारख्या, तरी करंट जास्त असेल तर पंपात वाळू अडकली किंवा थ्रस्ट बेअरिंग (शाफ्टचा खाली येणारा दाब पेलणारं बेअरिंग) गेलं असं समजून पंप वर काढावा लागेल. पाणी कमी येत असेल तर एक साधी शक्यता आधी तपासा: पंप उलटा फिरतोय का? कुठल्याही दोन फेज अदलाबदल करून पाहिल्या की उत्तर मिळतं. ज्या जोडणीत पाणी जास्त, ती बरोबर.

ट्रिप झाल्यावर लगेच बटण दाबू नका. नॉन रिटर्न व्हॉल्व्ह (पाणी परत खाली येऊ न देणारा) नीट बसत नसेल तर पाइपातलं पाणी खाली उतरताना पंपाला उलटं फिरवतं, आणि त्याच क्षणी मोटर सुरू केली की शाफ्टवर जबर ताण येतो. दोन-तीन मिनिटं थांबा. ऑटो स्विच असेल तर त्यात टायमर लावलेला असावा.

पाण्याने भरायची मोटर असेल तर बोअरमध्ये सोडण्याआधी स्वच्छ पाणी भरून, हलवून, बुडबुडे यायचे थांबेपर्यंत वाट पाहायची. ऑइलभरल्या मोटरीत पाणी घालायचं नसतं. आणि ‘फिरते का बघू’ म्हणून जमिनीवर कोरडी चालवणं दोन्हीत टाळा. पाण्याविना बुश काही सेकंदांतच खराब होतात.

विजेचं बोलायचं तर पॅनलची धातूची पेटी आणि मोटर, दोन्हींना अर्थिंग हवंच. शक्य असेल तिथे ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीजगळती झाली की पुरवठा तोडणारा स्विच) लावा. तो वारंवार पडत असेल तर बायपास न करता मेगर (इन्सुलेशनचा रोध मोजणारं मीटर) लावून केबल आणि मोटरचं इन्सुलेशन तपासा. केबलचा जॉइंट पाण्यात राहणार असतो, त्यावर नुसती काळी टेप गुंडाळणं चालत नाही, पाण्याखालच्या जॉइंटचा किट वापरावा. मेगरचं वाचन दर वर्षी त्याच वेळी घ्या आणि पॅनलच्या दाराच्या आतल्या बाजूला लिहून ठेवा. आकडा दरवर्षी खाली येतोय हे दिसलं की मोटर जळण्याआधीच वर काढता येते.

पंप वर काढताना मेन स्विच बंद करून कुलूप लावा, किल्ली काम करणाऱ्याच्या खिशात. सिंगल फेज असेल तर कपॅसिटर डिस्चार्ज करून मगच हात लावा, तो वीज बंद झाल्यावरही झटका देतो. पंप कधीही केबलला धरून ओढू नका, वजन पाइप आणि दोरानेच घ्यायचं. विहीर किंवा टाकीतला पंप असेल तर पाण्यात उतरायचं असताना मेन स्विच बंद असलाच पाहिजे, ‘दोन मिनिटांचं काम आहे’ असलं तरी.