हॉकी टीममधले सीनियर प्लेयर मनापासून खेळेनासे झालेत, मॅनेजमेंटने काय करावं?

तुम्ही लिहिलंय की तुमच्या डिपार्टमेंटची हॉकी टीम सलग दोन सीझन पहिल्याच राउंडला बाहेर पडतेय, तिशीच्या पुढचे चार सीनियर प्रॅक्टिसला नुसते हजेरी लावल्यासारखे येतात, आणि वरचे म्हणतायत त्यांना काढा, पोरं घ्या. प्रश्न वाचला आणि हात शिवशिवायला लागले, म्हणून लिहितोय.

मी अकरा वर्षं अशाच एका टीमला सेंटर हाफ खेळलो. नाव सांगत नाही, ओळखीची पोरं अजून तिथे नोकरीला आहेत. शेवटी शेवटी माझ्याबद्दलही हेच बोलायचे. आमच्या मॅनेजरने एकदा सगळ्या ज्युनियर पोरांच्या देखत, टर्फवर उभं राहून म्हटलं होतं, "सीनियर लोकांची भूक मेलीये." ते वाक्य मी अजून विसरलो नाही.

आता त्या भुकेचं काय झालं होतं ते ऐका. आधीच्या दोन टुर्नामेंटचा डीए, म्हणजे टूरचा रोजचा भत्ता, आठ महिने अडकला होता, तिकिटं आम्ही पदरमोड करून काढलेली. गोलकीपरच्या डाव्या लेगगार्डचा पट्टा तुटला होता, त्याने तीनदा लेखी अर्ज दिला, तिन्ही वेळा उत्तर एकच, पुढच्या बजेटमध्ये बघू. मग त्याने सायकलच्या ट्यूबची पट्टी कापून गार्ड बांधायला सुरुवात केली, पण टर्फवर पाणी मारलेलं असतं, ट्यूब ओली झाली की घसरते, म्हणून प्रत्येक पेनल्टी कॉर्नरच्या (फाउलबद्दल समोरच्या टीमला मिळणारा गोलवरचा थेट चान्स) आधी तो गोलमध्ये खाली बसायचा, मी गार्ड दाबून धरायचो आणि तो दातांनी गाठ ओढायचा, तिकडून अंपायर ओरडतोय लवकर करा.

क्वार्टर फायनलच्या आदल्या रात्री मीटिंगमध्ये मी हा विषय काढला. मॅनेजर म्हणाला, "सीनियर लोकांना कारणंच लागतात." आमचा फुलबॅक, ज्याला सगळे अण्णा म्हणायचे, तो मीटिंगमध्ये कधी गप्प बसायचा नाही, कोण कुठे मार्क करणार, त्यांचा फ्लिकर, म्हणजे पेनल्टी कॉर्नरला गोलवर मारणारा, कुठल्या बाजूला मारतो, सगळं तोच सांगायचा. त्या रात्री तो शेवटपर्यंत चकार शब्द बोलला नाही. मला तेव्हाच कळायला हवं होतं. सीनियर पळायचा थांबतो ते नंतर, आधी तो बोलायचा थांबतो.

दुसऱ्या दिवशी दोन-दोन बरोबरी, शेवटची पाच मिनिटं, आणि मॅनेजरने कोचला न विचारता अण्णाला बाहेर घेऊन एक ताज्या दमाचं पोरगं आत पाठवलं. मिनिटभरात आमच्यावर पीसी, म्हणजे पेनल्टी कॉर्नर. पीसी दिल्यावर प्लेयर बदलता येत नाही, म्हणजे आमचा फर्स्ट रशर, बॉल मारणाऱ्यावर सगळ्यात आधी धावून जाणारा अण्णा, मास्क हातात धरून साइडलाइनला उभा, आणि आत ते पोरगं जिवाच्या आकांताने धावलं पण लाइन चुकली, आमच्याच गोलकीपरच्या नजरेआड बॉल गेला. दोन-तीन. मॅनेजरच्या रिपोर्टमध्ये काय होतं, तर "सीनियर खेळाडूंमध्ये मोटिवेशनचा अभाव". पट्ट्याचं नाव नाही, डीएचं नाव नाही.

आणि हे फक्त आमच्या गल्लीतलं नाही. आपल्या इंडिया टीममधल्या, खडकीच्या धनराज पिल्लेचं घ्या. 1998 ला बँकॉकला 32 वर्षांनी एशियाडचं गोल्ड आणलं आणि लगेच तो आणि आणखी सहा सीनियर टीमबाहेर. सांगितलं काय, तर विश्रांती दिलीय. त्याआधी त्यांनी सोयी आणि मॅच फीबद्दल तोंड उघडलं होतं हे सगळ्यांना माहीत होतं. 2008 ला सँटियागोत ब्रिटनकडून हरून आपण पहिल्यांदा ऑलिंपिकलाच मुकलो. 2010 च्या जानेवारीत तर इथे पुण्यातच, वर्ल्ड कपच्या तोंडावर, नॅशनल कॅम्पातल्या प्लेयर्सनी थकलेल्या पैशांसाठी प्रॅक्टिसच बंद केली. लोक म्हणाले यांना देशाची पडलेली नाही. त्याच पोरांनी महिन्या-दीड महिन्यात दिल्लीत पहिल्याच मॅचला पाकिस्तानला 4-1 धुतलं. पुढे टीम आठवी आली ते खरं, पण भूक मेलेली माणसं तसा खेळ करतात का?

उलट इंडियाचा गोलकीपर श्रीजेश बघा. 2024 च्या पॅरिस ऑलिंपिकला 36 वर्षांचा होता, रिटायर होणार हे आधीच जाहीर केलेलं, ब्रिटनविरुद्ध आपल्या रोहिदासला रेड कार्ड मिळाल्यावर दहा जणांत मॅच शूटआउटपर्यंत खेचली आणि जिंकली, शेवटी ब्रॉन्झ. पण 2018 पासून ओडिशा सरकार त्या टीमच्या मागे उभं होतं, पगार-किटची रड नव्हती.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर द्यायचं तर, कोणाला काढायचं असेल तर तोंडावर सांगा, नोटीस बोर्डवर लिस्ट लावून नको. पेनल्टी कॉर्नरचा डिफेन्स सीनियर्सच्या हातात द्या, मॅनेजरने त्यात पडू नये. ज्या मॅनेजरने कधी स्टिक धरली नाही त्याने डगआउटमध्ये बसूच नये, या मतावर मी ठाम आहे.

हां, सगळेच सीनियर धुतल्या तांदळासारखे नसतात हेही मान्य. प्रमोशन होईपर्यंत जागा अडवून बसलेले दोघे-तिघे आमच्याकडेही होते, फिटनेस टेस्टच्या दिवशी नेमकी त्यांची पाठ दुखायची. तसे असतील तर जरूर काढा. आणि तिशीनंतर गुडघे बोलतात, रोज टर्फवर पळवू नका, दोन दिवस जिम द्या.

अण्णाने त्या सीझननंतर टीम सोडली. आता रोज पहाटे साडेपाचला ग्राउंडवर असतो, वस्तीतल्या पोरांना फुकट शिकवतो, तुटलेल्या स्टिका स्वतः घरी नेऊन चिकटवतो. भूक मेली म्हणणाऱ्या साहेबांनी एकदा तिथे येऊन बघावं, मी स्वतः घेऊन जाईन.

तुम्ही एवढंच करा, तुमच्या त्या चौघांचा डीए किती महिन्यांचा अडकलाय ते अकाउंट्सला विचारा आणि इथे कळवा. मग पुढचं बोलू.