लुबाइना हिमिद मुळात चित्रकार की क्युरेटर?

ब्रिटनच्या हिमिदबाई चित्रकार म्हणून कशा घडल्या आणि क्युरेशनच्या, म्हणजे इतरांची प्रदर्शनं निवडून मांडण्याच्या नादात त्यांची उमेदीची वर्षं वाया गेली का, असं तुम्ही विचारलंय. वाया वगैरे काही नाही. क्युरेटर म्हणजे खिळे ठोकणारा, असं मानणाऱ्या चित्रकारांशी माझं भांडण जुनं आहे.

जन्म झांजिबारचा, १९५४ चा. आई कापडाची डिझाइनर. शिक्षण विम्बल्डनला, नेपथ्याचं. हे कुठेही मिळेल. खरं बघायचं ते त्यांनी क्युरेट केलेलं १९८५ चं कृष्णवर्णीय स्त्री-कलाकारांचं प्रदर्शन, 'द थिन ब्लॅक लाइन'. दोन वर्षं आधी लंडनच्या आफ्रिका सेंटरला पाच जणींचं प्रदर्शन झालं होतं. इथे स्वतः धरून ११ जणी. लंडनच्या आयसीए या कलासंस्थेने जागा दिली ती जाण्यायेण्याच्या बोळाची. बोळात मोठं चित्र मरतं. सहा फुटी कॅनव्हास एका नजरेत मावायला दहा-बारा फूट मागे सरकावं लागतं, आणि तिथे पाठ आधीच समोरच्या भिंतीला टेकलेली असते. शिवाय माणूस चालत जाणार, म्हणजे चित्र तिरकंच दिसणार. त्यात शांतिनिकेतनला जन्मलेल्या सुतपा बिस्वास यांची कालीच्या रूपातली गृहिणी, हे भलंमोठं चित्र! (तेव्हा ब्रिटनमध्ये 'ब्लॅक' म्हणताना आशियाईही त्यात असत.)

चालत्या माणसासाठी चित्र कसं मांडायचं, हे ज्याने मांडलंय त्यालाच कळतं. २००४ चं 'नेमिंग द मनी' बघा: गुलाम म्हणून आणलेल्या माणसांच्या १०० पुरुषभर लाकडी आकृत्या, जमिनीवर सुट्या उभ्या. पुढून झगमगीत रंग, मागे हिशेबाच्या कागदावर पाच ओळी: खरं नाव, मालकाने दिलेलं नाव, आधीचं काम, आताचं काम, आणि उरलंय काय. या भिंतीला लावल्या की अर्धं काम गेलं. दाटीने उभ्या केल्या तरी तेच, कारण मागे जाऊन वाचायला माणसाएवढी फट लागते.

सगळं श्रेय बोळाला देत नाही, बरं का. आकृती कापून उभी करायची, हे कटआउट नेपथ्यातूनच आले. १९८४ च्या 'फ्रीडम अँड चेंज'मध्येही प्लायवूडची कुत्री आहेत. आणि मांडणी जमली म्हणून चित्र जमेल, असंही नाही.

ब्रिटनमधलं कलेचं मोठं टर्नर पारितोषिक त्यांना २०१७ मध्ये मिळालं, ६३ व्या वर्षी. कलाकार पन्नाशीच्या आतला हवा, ही अट त्याच वर्षी उठली होती. त्याच बोळातल्या व्हेरोनिका रायन यांना टर्नर आणि सोनिया बॉइस यांना व्हेनिसच्या बिएनाले या कलामेळ्यातला गोल्डन लायन पुरस्कार मिळाला तो २०२२ मध्ये. 'आपल्याच मैत्रिणी लावल्या' म्हणणाऱ्यांनी ही यादी परत वाचावी.