मागच्या मालकाने बदललेल्या खिडक्या आणि आजच्या मालकाची जबाबदारी

प्रश्न : आम्ही मूळचे नाशिकचे. २०२२ मध्ये इंग्लंडच्या ग्लॉस्टरशर परगण्यात, कॉट्सवोल्ड्समधील एका लहान गावात ग्रेड २ लिस्टेड, म्हणजे संरक्षित वारसा इमारतींच्या यादीत असलेले, जुने दगडी घर विकत घेतले. मागच्या बाजूच्या खिडक्या आधीच्या मालकाने यूपीव्हीसीच्या (प्लास्टिकच्या) बसवल्या होत्या. गेल्या उन्हाळ्यात आम्ही स्वयंपाकघर मोठे करण्यासाठी आतील जुनी लाकडी फळ्यांची आडभिंत काढली. लिस्टिंग फक्त बाहेरच्या भागाला लागू असते, असे ठेकेदाराने सांगितले होते. काढलेल्या फळ्या अजून गॅरेजमध्ये आहेत. आता स्थानिक कौन्सिलच्या एन्फोर्समेंट (नियमभंगावर कारवाई करणाऱ्या) अधिकाऱ्याचे पत्र आले आहे. त्यांना घराची पाहणी करायची आहे आणि परवानगीविना झालेल्या बदलांचा लेखी खुलासा हवा आहे. दुसऱ्याने केलेल्या कामाचा भुर्दंड आम्हाला का? आणि आम्ही काय उत्तर द्यावे?

उत्तर : आपल्या पत्रात दोन वेगळ्या गोष्टी एकत्र आल्या आहेत, आणि कौन्सिलला उत्तर देण्यापूर्वी त्या वेगळ्या करणे फार महत्त्वाचे आहे. खिडक्या आपण बदललेल्या नाहीत. आडभिंत मात्र आपण काढली. कायद्याच्या दृष्टीने या दोहोंचे परिणाम सारखे नाहीत.

इंग्लंडमधील अशा इमारतींना लागू होणारा मुख्य कायदा १९९० चा आहे. त्याच्या कलम ७ नुसार लिस्टेड इमारतीच्या वैशिष्ट्याला बाधा येईल असा कोणताही फेरबदल कौन्सिलची खास परवानगी, म्हणजे लिस्टेड बिल्डिंग कन्सेंट, घेतल्याशिवाय करता येत नाही, आणि कलम ९ नुसार तसे करणे हा फौजदारी गुन्हा आहे, ज्यासाठी क्राउन कोर्टात दोन वर्षांपर्यंत कैद आणि अमर्याद दंड होऊ शकतो. हा गुन्हा काम करणाऱ्यावर आणि ते करवून घेणाऱ्यावर लागतो, नंतर घर विकत घेणाऱ्यावर नाही. म्हणून खिडक्यांबाबत आपल्यावर खटला भरला जाणार नाही. परंतु कलम ३८ खालील एन्फोर्समेंट नोटीस, म्हणजे विनापरवाना बदल सुधारण्याचा आदेश, ही इमारतीच्या मागे जाते, माणसाच्या मागे नाही. ती सध्याच्या मालकावर बजावता येते, आणि ती न पाळणे हा आपला स्वतःचा गुन्हा ठरतो. साध्या नियोजनभंगावर (बांधकाम परवानगीच्या नियमांच्या भंगावर) कारवाई करण्यास आता दहा वर्षांची मुदत आहे, तशी कोणतीही मुदत लिस्टेड इमारतीच्या कामांना नाही. खिडक्या अगदी पंधरा वर्षांपूर्वी बसवल्या असल्या, तरी तो बचाव म्हणून चालत नाही.

वॉरिकशरमधील इडलिकोट हाऊसच्या प्रकरणात हे लोकांसमोर आले. तेथील मालकाने २००९ मध्ये आवारातील दोन दगडी स्तंभ आणि त्यांवरील शिशाचे कलश विकले. ते स्वतंत्रपणे लिस्टेड आहेत याची त्याला कल्पना नव्हती. काही वर्षांनी कौन्सिलने ते परत आणून उभे करण्याची नोटीस बजावली. ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने मे २०२० मध्ये, अशा वस्तूंना मुळात ‘इमारत’ म्हणता येईल का हा प्रश्न अपिलात उपस्थित करता येतो असे ठरवून प्रकरण फेरविचारासाठी परत पाठवले. आपले घर ही इमारत आहे याबद्दल वाद नाही, त्यामुळे त्या निकालाचा आपल्याला थेट आधार मिळणार नाही. परंतु कारवाईला कालमर्यादा नसण्याचा अर्थ प्रत्यक्षात काय होतो, हे त्यातून समजते.

मग खिडक्यांबाबत पहिला प्रश्न उरतो तो तारखेचा. घर लिस्ट होण्यापूर्वी खिडक्या बदलल्या असतील, तर कायदा मोडलाच गेलेला नाही. लिस्टिंगची तारीख नॅशनल हेरिटेज लिस्ट या अधिकृत यादीतील नोंदीत मिळेल. खिडक्यांची तारीख शोधण्यासाठी दुहेरी काचांच्या मधल्या कडेला असलेली धातूची पट्टी बारकाईने पाहावी; तिच्यावर बरेचदा उत्पादनाचा महिना आणि वर्ष छापलेले असते. २००२ नंतरचे काम असेल, तर खरेदीच्या कागदांत फेन्साचे (खिडक्या बसवण्याच्या कामाची नोंद करणाऱ्या योजनेचे) प्रमाणपत्र सापडू शकते. त्यावरून तारीख कळते, पण ते प्रमाणपत्र म्हणजे कन्सेंट नव्हे. जुन्या विक्रीपत्रिकांतील छायाचित्रेही उपयोगी पडतात.

तारीख आपल्या विरोधात गेली, तर खिडक्या बदलाव्या लागतील असे मी स्पष्टपणे सांगतो, आणि त्यामागील कारण मला पटते. त्या प्रदेशातील घरांच्या खिडक्या साधारणपणे दगडी मधखांबांमध्ये बसवलेल्या, बारीक लोखंडी चौकटीच्या आणि शिशाच्या पट्ट्यांत जोडलेल्या लहान काचांच्या असतात. जुन्या काचेचा पृष्ठभाग किंचित असमान असल्यामुळे समोरच्या झाडाचे प्रतिबिंब तीत तुटक दिसते. त्याच खाचेत प्लास्टिकची जाड, चकचकीत चौकट बसवली, की दगडाची रेषा झाकली जाते आणि भिंत सपाट दिसू लागते. गावाचे रूप एखाद्या चर्चवर किंवा मोठ्या वाड्यावर टिकून नसते. ते शेकडो घरांच्या अशा तपशिलांवर टिकते आणि त्यांच्याचबरोबर जाते. आपली गैरसोय मी कमी लेखत नाही. थंडी हाच प्रश्न असेल, तर जुन्या पद्धतीच्या खिडकीला आतून दुसरी काच बसवण्यास संवर्धन अधिकारी अनेकदा अनुकूल असतात.

आता आडभिंतीविषयी. ठेकेदाराने आपल्याला चुकीचे सांगितले. लिस्टिंग आतून-बाहेरून संपूर्ण इमारतीचे असते. इमारतीला जोडलेल्या वस्तू आणि १ जुलै १९४८ पूर्वीपासून आवारात असलेली बांधकामेही त्यात येतात. यादीतील वर्णनात आडभिंतीचा उल्लेख नसला, तरी त्यामुळे तिला संरक्षण नव्हते असे होत नाही. या गुन्ह्यात हेतू किंवा माहिती सिद्ध करावी लागत नाही, म्हणून अज्ञान हा बचाव नाही. मात्र खटला भरावा की नाही, आणि भरल्यास शिक्षा किती, हे ठरवताना आपला प्रामाणिकपणा, चुकीचा सल्ला आणि झालेले नुकसान भरून येण्यासारखे आहे का, या गोष्टी निश्चित पाहिल्या जातात. म्हणूनच गॅरेजमधील फळ्यांना मोल आहे. त्या कोरड्या जागी आडव्या ठेवाव्यात, रंग किंवा खिळे काढू नयेत, प्रत्येकीचे छायाचित्र घ्यावे आणि जमिनीवर व तुळईवर राहिलेल्या मूळ खुणा बुजवू नयेत. कौन्सिल येण्यापूर्वी घाईघाईने भिंत पुन्हा उभी करू नये. त्यालाही परवानगी लागू शकते, आणि ते पुरावा लपवल्यासारखे दिसेल.

या कारणासाठीच लेखी खुलासा आपण स्वतः लिहू नये. आपले प्रत्येक वाक्य पुढे पुरावा ठरू शकते. लिस्टेड इमारतींचे काम करणाऱ्या सॉलिसिटरमार्फत पत्र मिळाल्याची पोच द्यावी आणि थोडी मुदत मागावी. ‘आपले बोलणे पुरावा म्हणून वापरले जाऊ शकते’ अशी ताकीद देऊन घेतल्या जाणाऱ्या जबाबासाठी बोलावले, तर वकिलाशिवाय जाऊ नये. पाहणी मात्र टाळू नये: वाजवी वेळी, पूर्वसूचना देऊन प्रवेश मागण्याचा अधिकार कायद्याने दिलेला आहे आणि जाणूनबुजून अडथळा आणणे हा गुन्हा आहे. तक्रार कोणी केली याचा शोधही घेऊ नये. कौन्सिल नाव सांगत नाही, आणि गावातील संबंध मात्र बिघडतात.

पुढची पायरी म्हणून संवर्धनाचा अनुभव असलेल्या वास्तुविशारदाकडून भिंत पूर्ववत करण्याचा आणि खिडक्यांचा आराखडा करून कन्सेंटसाठी अर्ज करावा. अर्जाला शुल्क नाही. झालेले काम तसेच ठेवण्यासाठीही अर्ज करता येतो, पण मिळालेली मंजुरी त्या दिवसापासून लागू होते. आधीचा गुन्हा तिने पुसला जात नाही. नोटीस आलीच, तर तिच्यात नमूद केलेल्या अंमलाच्या तारखेपूर्वी अपील दाखल झाले पाहिजे. बजावणीपासून ही तारीख किमान २८ दिवसांनंतरची असते, आणि ती चुकली तर अपिलाचा हक्क जातो.

खिडक्यांचा खर्च कोणाकडून मिळेल, याचा विचार समांतर चालू ठेवावा. विक्रेत्याने टीए६ फॉर्ममध्ये (विक्रीच्या वेळी घराची माहिती देण्याच्या फॉर्ममध्ये) बदलांविषयी काय लिहिले होते ते पाहावे. उत्तर खोटे असेल, तर चुकीच्या निवेदनाबद्दल दावा करता येतो आणि त्याची मुदत साधारणतः सहा वर्षांची असते, म्हणजे २०२८ पर्यंत. खरेदीपूर्वी घर तपासणाऱ्या सर्वेक्षकाने लिस्टेड घरातील प्लास्टिकच्या खिडक्या पाहूनही काही लिहिले नसेल, किंवा आपल्या खरेदीच्या सॉलिसिटरने अहवाल वाचून कन्सेंटची चौकशी केली नसेल, तर त्यांच्याविरुद्धही प्रश्न उपस्थित होतो. खरेदीच्या वेळी इंडेम्निटी विमा (आधीच्या विनापरवाना कामांमुळे होणारे नुकसान भरून देणारा विमा) घेतला होता का हे आजच तपासावे. अशा पॉलिसीत कौन्सिलशी स्वतःहून संपर्क साधल्यास संरक्षण रद्द होण्याची अट अनेकदा असते, म्हणून अधिकाऱ्याला फोन करण्याआधी पॉलिसी वाचावी आणि पत्राची प्रत विमा कंपनीला पाठवावी.